बोर्गनीने टाकलेलं गवत

नॉर्वेतल्या आमच्या डोंगरी तालुक्यात माणसांपेक्षा तळी जास्त. तरी कोणाच्या दारात कोणाची गाडी उभी होती, हे संध्याकाळपर्यंत पार स्वीडनच्या हद्दीवर कळतं. बोर्गनीचं मात्र कुणाला काही कळलं नाही. माहेर किनाऱ्याकडचं, एवढंच ती सांगायची. तिकडचं कुणी कधी आलं नाही. "माणूस काय दगडातून उगवतं?" दुकानात बायका म्हणायच्या.

वृद्धाश्रमात ती स्वयंपाक करायची, मी कपडे धुवायचे. तिथल्या सामी, म्हणजे इथल्या मूळच्या रेनडिअर पाळणाऱ्या जमातीतल्या, म्हाताऱ्या शेवटी शेवटी नॉर्वेजियन विसरत, लहानपणीच्या बोलीत बडबडत. बोर्गनी ताट घेऊन आत जायची आणि दार लावून घ्यायची. मला तेव्हाच शंका आली होती.

त्या हिवाळ्यात नाताळानंतर पाऊस पडला आणि लगेच गोठला. जमिनीवर बर्फाचं झाकणच बसलं. खालचं खाणं मिळेना, तसे यूनार नावाच्या सामी पशुपालकाचे रेनडिअर गावात उतरले. बोर्गनीचा नवरा तूर्लाइफ मेंढ्या पाळायचा. एका सकाळी त्याला गवताचा गठ्ठा सुरीने फाडलेला दिसला आणि कुंपणापलीकडे गवत पसरलेलं.

"यूनारचंच काम हे," तो ज्याला त्याला सांगू लागला. "रेनडिअरला सुरी धरता येते का?"

त्याने गोठ्यापाशी कुत्रा बांधला. गवत पुन्हा गेलं, कुत्रा भुंकला नाही. "कुत्रासुद्धा फितवलाय त्याने."

मग एके दिवशी यूनारच त्याच्या अंगणात आला. बोर्गनीला कामावर न्यायला मी गाडी घेऊन आले होते, म्हणून सगळं ऐकलं. यूनारच्या मुठीत गवत होतं.

"हे कोण टाकतंय, तूर्लाइफ? माझ्या दोन माद्या पोट फुगून मेल्या. उपाशी रेनडिअरला कोरडं गवत पचत नाही, ठाऊक आहे तुला. मुद्दाम करतोस?"

"चोर तो चोर, वर शिरजोर! गवत माझं गेलं, आणि मारतोय मीच?"

बोर्गनी हात पुसत बाहेर आली आणि यूनारला काहीतरी म्हणाली. ते नॉर्वेजियन नव्हतं. यूनारची मूठ सैल पडली.

"काय म्हणाली ती?" तूर्लाइफने विचारलं.

"गवत तिनेच टाकलं म्हणते. जनावरांचे हाल बघवेनात म्हणे." मग तो तिच्याकडे वळला. "तू कोणाची गं?"

"आई सामी होती, वरच्या खोऱ्यातली, किनाऱ्याकडे दिलेली. बोली घरातच ठेव म्हणायची, बाहेर सांडू नकोस." तिने त्याच्या मुठीतल्या गवताकडे पाहिलं. "तुझ्या माद्या मी मारल्या. मला माहीत नव्हतं रे."

"इतकी वर्षं एका घरात," तूर्लाइफ म्हणाला. मग यूनारकडे बोट करून म्हणाला, "यानेच पढवलं असेल तुला."

तिने यूनारलाच विचारलं, "मग काय देऊ त्यांना?"

"जुन्या झाडांवर लोंबतं ते दगडफूल. दुसरं काही नको."

थंडी सरेपर्यंत ती रोज पोतं घेऊन रानात गेली. तूर्लाइफ ट्रॅक्टरने वाट मोकळी करून द्यायचा, पण खाली उतरायचा नाही. ती फोनवर सामीत बोलू लागली की अजून विचारतो, "माझ्याबद्दल बोलतेस?" यूनारने तिला कॉफीला बोलावलं, जवळ बसवलं. तिने आणलेलं प्रत्येक पोतं मात्र तो आधी हात घालून तळापर्यंत चाचपायचा, मगच जनावरांपुढे ओतायचा.