भाईजानच्या हातांना चंदनाचा वास

आधीच सांगते, इथल्या असल्या चमत्काराच्या गोष्टी वाचून मी हसायचे. इंग्लिश मीडियम, मग बीएस्सी केमिस्ट्री... वास म्हणजे हवेतले रेणू, विषय संपला. इथं पहिल्यांदाच लिहितेय, तेही रागात.

आम्ही पाटोद्याचे. घरामागच्या पीरबाबांच्या दर्ग्याच्या उरुसाला त्यांच्या मजारीवर, म्हणजे कबरीवर, चढणारा संदल, म्हणजे चंदनाचा लेप, आमच्या घरातून जातो. ताट पुरुष मिरवतात. बायकांना मजारीपर्यंत जाता येत नाही. चंदन उगाळायची माझी फुफू, अब्बांची विधवा बहीण. तिचं म्हणून तेवढंच होतं. बारा महिने तिच्या तळव्यांना तो वास असायचा.

गेल्या उरुसाला दुपारी भाईजान गॅरेजमधून तडक घरात आला. फुफू सहाणेवर बसलेली. (घरात आम्ही दखनी बोलतो, इथं मराठीत लिहितेय.)

"बंद करा हे, फुफू. शिर्क हाय, अल्लाच्या जोडीला दुसऱ्याला पुजणं. असल्यानंच लोक आपल्याला अर्धे मुसलमान म्हणतेत."

"कोण म्हणतंय? तुझे नवे दोस्त? तुझ्या जन्माची मन्नत इथंच मागितलती मी."

त्यानं वाटी उचलली आणि मोरीत उपडी केली. फुफूनं सहाण धुतली आणि पुन्हा उगाळायला घेतलं. मी दारातून नुसती बघत राहिले... नेहमीसारखी.

संध्याकाळी त्याच्या हातांना चंदनाचा वास यायला लागला. लेपाला त्यानं बोटसुद्धा लावलं नव्हतं. साबण, रॉकेल, पेट्रोल – सगळं झालं. महिने गेले. ग्रीसमधूनही चंदनच! आणि फुफूचे हात? मी स्वतः हुंगले. नुसता कपड्यांचा साबण.

मग गॅरेजवर लोक यायला लागले. शेजारच्या पाटीलकाकूंनी त्याचे हात डोळ्यांना लावले. "बाबांनी पोराला निवडलं बघ!" शिर्क म्हणणारा हा माणूस हात पुढे करून बसायला लागला. फुफूला कुणी विचारलंसुद्धा नाही. मला भाईजानचा राग आलाच, पण खरं सांगते, बाबांचाही आला. जिनं जन्मभर हात झिजवले तिचं काढून घेतलं, आणि दिलं कुणाला? मोरीत ओतणाऱ्याला?

यंदा तोच दारात उभा. "फुफू, बसा की उगाळायला. लोक थांबलेत. ताट मी डोक्यावर घेणार हाय."

फुफू तांदूळ निवडत होती. मानही वर केली नाही.

"हात तुझे वास मारतेत ना, बेटा? तूच उगाळ."

"मला कुठं येतं ते!"

"मग हातच फिरव मजारीवर."

यंदा आमच्या घरातून संदल गेला नाही.

भाईजानचा वास अजून गेलेला नाही, आणि माझ्या केमिस्ट्रीत त्याला उत्तर नाही. कुणाला काही सुचलं तर त्याच्या वासाबद्दल नका लिहू. फुफूचे हात कोरे का झाले, तेवढं सांगा.