चौऱ्याऐंशीचा नेम

आमच्या शुक्रवार पेठेत त्रिशलाक्काच्या गिरणीत दळण दोनदा तोललं जातं, गहू घेताना आणि पीठ देताना. शंभर ग्रॅम कमी भरलं तर आक्का जातं उघडून बघते, पण 'चालतंय की' म्हणत नाही. अशी बाई सासू म्हणून कशी असेल, ते तिच्या सुनेला विचारा.

गेल्या चातुर्मासात बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरातल्या, प्रवचनात पंडितजी म्हणाले, शास्त्रात काळ मोजायला चौऱ्याऐंशी लाखांना चौऱ्याऐंशी लाखांनी पुन्हा पुन्हा गुणलंय. आक्कानं तिथंच नेम घेतला. मुनींचे अठ्ठावीस मूलगुण, म्हणून अठ्ठावीस दिवस. लाखांची शून्यं बाजूला ठेवून कालच्या संख्येला चौऱ्याऐंशीनं गुणायचं आणि त्याशिवाय जेवायचं नाही. अंकांची बेरीज नऊवर आली की गुणाकार बरोबर. शेवटच्या दिवशी चोपन्न अंक झाले. ते तिनं बस्तीच्या फळ्यावर लिहिले, तेव्हा वाचतानाच मला दम लागला. खोटं कशाला सांगू, माझे हात आपोआप जोडले गेले.

तेवढ्यात सून ऐश्वर्या मोबाइलवर ताळा करून हळूच म्हणाली, "आत्ती, फरक येतोय."

चार लोकांत! आक्का कडाडली, "माझी नऊची बेरीज जुळतीया. त्या डबड्यानं कधी उपास केलाय व्हय?"

झालं, दोघींचं बोलणं बंद. ताट पुढं सरकायचं, शब्द नाही.

पण तोललेलं परत तोलायची सवय जाते कुठं? आक्का उलटी निघाली. त्या संख्येला चौऱ्याऐंशीनं भागत सुटली. अकरा वेळा बिनबोभाट भाग गेला, बाराव्यांदा मात्र बाकी उरली. सतराव्या दिवसाचं पान काढलं, तर शेजारचे दोन अंक उलटे पडलेले. बेरीज कशी बिघडणार, अंक तेच होते! पुढं अकरा दिवस गुणूनही संख्येनं ती चूक पचवली नव्हती, दिवसासकट जपून ठेवली होती. आक्कानं ते मला दाखवलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

तिनं अकरा दिवस परत उपाशीपोटी गुणाकार केले. मग ती नवी संख्या दोननं, तीननं, सातनं भागत गेली. शेवटी कागदावर नुसता एक उरला. एवढ्या अफाट संख्येत दुसऱ्या कुणाला शिरकावच नव्हता.

भाद्रपदात क्षमावाणी आली. त्या दिवशी सगळे एकमेकांची क्षमा मागतात, बहुतेक करून ज्यांच्याशी भांडण नाही त्यांचीच. आक्कानं फळा पुसला, बरोबर संख्या लिहिली आणि भरल्या बस्तीत सुनेपुढं हात जोडले.

"चार लोकांत बोललो, चार लोकांतच सांगतो. ह्यात दोन, तीन, सात, तिघंच राहत्यात. मधी चौथा घुसलावता, त्यो माझा ताठा. उत्तम क्षमा, पोरी."

ऐश्वर्या पाया पडायला वाकली, पण आक्का आधीच वाकली होती.