रेघा माझ्या, निरोप दिरांना

माझ्या आजाराचं नाव डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी दाराबाहेर बाकावर बसले होते. "पेशंटला बसू द्या बाहेर. सोबत कोण आहे?" असं म्हणून त्यांनी थोरल्या दिरांना आत बोलावलं. गाठ माझी, बायोप्सी माझी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी माझी. निकाल मात्र घरच्या मोठ्या माणसाला.

हिंगोली जिल्हा व्हायच्या आधीची ही गोष्ट. आमचं गाव सेनगावजवळ. मालकांना शहरातलं काही उमगत नसे, म्हणून दवाखाना दिरांकडं आला. दीर माणूस वाईट नाही. पण आमच्यात थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोशी बोलत नाही आणि ती त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. एसटीत ते पुढं बसत, मी सासूबाईंसोबत मागं.

"साधी गाठ हाय, काढली की झालं," सासूबाई म्हणाल्या. गाठ काढली. मग रेडिएशन सुरू झालं, म्हणजे रोगाच्या जागेवर मशीनचे किरण सोडतात ते. आमच्याकडं त्याला शेक म्हणतात. जखम लवकर सुकावी म्हणून शेक, असं मला सांगितलं आणि मी मानलं. छातीवर जांभळ्या शाईच्या रेघा काढल्या होत्या, शिंपी कापडावर खडूनं काढतो तशा.

दिवाळीत मशीन बंद, म्हणून गावी आलो. जाऊबाईंनी घरची हळद घालून उटणं केलं आणि मायेनं चोळून आंघोळ घातली. रेघा गेल्या. दवाखान्याची घाण गेली म्हणून मला उलट बरंच वाटलं.

परत गेल्यावर डॉक्टर माझ्यावर तडकले. "त्या रेघांवरच आम्ही मशीन लावतो! पुसू नका, साबण लावू नका, सगळं सांगितलं होतं. तुमची काही जबाबदारी आहे की नाही?"

"कुणाला सांगितलं होतं?" मी विचारलं.

दीर मान खाली घालून उभे होते. भावजयीच्या छातीचा विषय त्यांनी मेले असते तरी काढला नसता, अगदी आईजवळसुद्धा नाही.

माझं डोकं भणाणलं. त्यांच्यादेखत मी पहिल्यांदाच एवढं बोलले. "साहेब, रेघा माझ्या अंगावर अन् सांगितलं ह्यांना. ह्यांनी मला कसं सांगावं? आता मलाच सांगा. काय झालंय मला?"

डॉक्टर तरीही दिरांकडंच बघत राहिले, परवानगी मागितल्यासारखे.

"सांगा तिला," दीर म्हणाले. "चुकलं आमचं." आणि ते बाहेर जाऊन बाकावर बसले.

कॅन्सर. मी तिथंच रडले. मग डोळे पुसून विचारलं, अजून किती शेक, काय खायचं, मी मरणार का. निम्म्या प्रश्नांची उत्तरं मिळाली. मापं नव्यानं घेतली, रेघा नव्यानं काढल्या, आणि त्या मी डोळ्यांत तेल घालून जपल्या. जबाबदारी नको असं मी कधी म्हटलंच नव्हतं.

मी वाचले, पण राग गेला नाही. बायांनो, तुमच्यावर ही वेळ आली तर बाहेर बसू नका. पदर सावरत का होईना, आत जा, आणि कळल्याशिवाय उठू नका.

गावात म्हणतात, तुला देवानं वाचवलं. वाचवलं असेल. पण त्यानंही आधी घरच्या मोठ्या माणसालाच बोलावलं असेल. मला कुणी काही विचारलेलं आठवत नाही.