गिअर पडेना तेव्हा

ओल्या पोत्याचा वास आला की मला निलंगा-लातूर रस्त्यावरचं ते गॅरेज आठवतं. वडिलांना डायलिसिसला घेऊन आई आणि मी निघालो होतो. दवाखान्यातली मशीन काही आमच्यासाठी थांबणार नव्हती. वाटेत गाडीचा गिअर पडेना, टाकायला गेलं की नुसता खरखराट. कशीबशी गॅरेजपर्यंत आणली. मिस्त्रीनं आवाज ऐकला आणि हात पुसत म्हणाला, "गिअरबॉक्स खाली घ्यावा लागंल. चार दिवस तरी गाडी इथंच ऱ्हाईल." मागच्या सीटवर वडिलांचा श्वास जड झाला होता, सुजलेले पाय चपलेत मावत नव्हते. 'हाव, घ्या खाली' म्हणायला मी तोंड उघडलं, पण भीतीपोटीच म्हणालो, "थांबा, एकदा इंजिन बंद करून बघू." बंद गाडीत सगळे गिअर अलगद पडले. चालू केली की पुन्हा तोच खरखराट. "मंग गिअरबॉक्स चांगला हाय," मिस्त्री म्हणाला, "क्लच पुरता दबून न्हाई राहिला." मी वाकून पेडलखाली हात घातला, तर तिथं चौपदरी घडी केलेलं ओलं पोतं. ते ओढून काढताच क्लच खालपर्यंत दबला आणि चालू गाडीत गिअर पडला. मागून आई हळूच म्हणाली, "रानातली काळी माती लागती गाडीला, म्हणून सकाळीच धुऊन हातरलं." वडील त्या धापेतही हसले, "आधी गाडी जप तू, माझं मग बघू." पुढं वडील गेले, लातूरच्या त्या फेऱ्या संपल्या, पण अजूनही गाडीत बसलो की चावी लावायच्या आधी माझा हात पेडलखाली जातो, आणि तिथं काहीच लागलं नाही की मागच्या रिकाम्या सीटकडं एकदा बघून मी गाडी चालू करतो.