विष्णूनं मॅच विकली नव्हती

ही गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, पोरीला नाही, देवापुढं उभं राहून तोंडातल्या तोंडातसुद्धा नाही. चौथी शिकलेला माणूस मी. पंक्चर काढण्यात जन्म गेला, लिहायची सवय नाही. पण क्लबच्या पोरांनी पुस्तक काढायचं ठरवलंय, जुन्या लोकांनी आठवणी लिहून द्या म्हणाले. त्यांना गोल पाहिजेत, कप पाहिजेत. माझ्याकडं एकच आठवण हाय आणि ती असली हाय.

कुठून सुरू करू? हॉटेलातून करतो.

माजलगावात स्टँडमागं जे हॉटेल हाय तिथं आम्ही रोज बसतो. पोरांच्या हातात मोबाईल. परदेशातल्या कोणत्या क्लबानं कोणतं पोरगं किती कोटीला घेतलं, कोणता क्लब कर्जात बुडाला, कोण कोणाला तीन गोलांनी हरवणार — असे भांडतात की जसं काय पगार ह्यांनाच वाटायचाय. परवा एकजण म्हणाला, "एवढ्या पैशात आपलं धरण दुसऱ्यांदा बांधून होईल बे." दुसरा म्हणाला, "आन् त्यात पाणी कोण आणंल, तुझा बाप?" हसले सगळे. मीही हसलो. मग तिसरा म्हणाला, "पैशानं मॅच फिरतीच. आपल्या गावात न्हाई का फिरली? त्यो विष्ण्या—" आणि शेजारच्यानं त्याला कोपर मारलं. "म्हातारा बसलाय बे."

माझा मान ठेवला त्यांनी. विष्णू माझा मेव्हणा ना! मी चहा पीत राहिलो. अडतीस वर्षं झाली — विष्णूचं नाव निघालं की मी चहा पितो.

कौसा गेली मागच्या पौषात. माझी बायको. सवाष्ण बाई गेली की माहेरचं लुगडं लागतं अंगावर घालायला, ते तुम्हाला ठाऊक हाय. पोरीनं मला न विचारता मामाला फोन केलता. शिरूर कासारकडून विष्णू आला, दोन एसट्या बदलून, काखेत हिरवं लुगडं. दारात चपला काढल्या आणि तिथंच उभा. आत यावं का नाही, हे त्याला कळेना. अडतीस वर्षांत त्या दारातून तो आत आला नव्हता. केस पिकलेले, ऊस तोडून तोडून बोटं वाकडी झालेली. ओट्यावर क्लबचे जुने लोक बसले होते. त्यातला एक हळूच म्हणाला, "विकणारा आला बघा." हळूच म्हणाला, पण विष्णूला ऐकू गेलं. मलाही गेलं.

मी काय केलं? लुगडं हातात घेतलं आणि खाली बघितलं. एवढंच.

आता क्लबाचं सांगतो. गावात तेव्हा फुटबॉलच्या दोन टीम होत्या. एक आमची, गॅरेज लाईनची — मिस्त्री, वेल्डर, पंक्चरवाले. दुसरी फळ मार्केटची, रहीमभाईची. रहीमभाई मोसंबीचा व्यापारी, स्वतः फॉरवर्डला खेळायचा, पायात जोर लई. त्यांच्या टीमला दरसाल नवे बूट. आमच्याकडं वर्गणी, ती पण अर्धी तोंडीच. आमचे दादाराव मिस्त्री, क्लबाचे प्रमुख, म्हणायचे, "त्यांच्याकडं पैसा हाय, आपल्याकडं पान्हे हायत. पान्ह्यानं गोल होतोय का ते बघू." विष्णू मिस्त्रींच्याच गॅरेजात कामाला होता. माझ्या घरी राहायचा, बहिणीच्या हातचं खायचा. आमच्या गोलात उभा राहायचा. वीस-बावीस वर्षांचा असंल. त्याच्या हातातून बॉल निसटलेला मी बघितला नव्हता.

फायनलच्या आधी आमच्या बॉलचं ब्लॅडर गेलं. तेव्हा चामड्याचा बॉल, दोरीनं बांधायचा, आत रबराचं ब्लॅडर. फायनल आमच्या बॉलनं व्हायची ठरली होती. मिस्त्रींनी वर्गणीतले पैसे माझ्या हातात दिले — बीडला जा, नवं ब्लॅडर आण. तुलाच त्यातलं कळतं, म्हणाले.

मी बीडला गेलोच नाही. ते पैसे पत्त्यात घालवले, एका दुपारात. झालं तसं सांगतो — पत्त्यात. दवाखान्यात नाही, पोरीच्या दुधात नाही.

मग म्हटलं, ट्रॅक्टरचं पंक्चर काढणारा मी, हे एवढंसं ब्लॅडर काय अवघड? घमेल्यात बुडवलं, बुडबुडे बघितले. चीर लांब होती. सायकलचं ठिगळ टिकंना, दोनदा सुटलं. तेव्हा ट्रकच्या ट्यूबचा तुकडा कापला, घासला, सोल्युशन लावून दाबला. हवा धरली. बॉल बांधून टाकला. मिस्त्रींना म्हणालो, नवं हाय.

पण ट्रकची ट्यूब जाड असते बघा. बॉल एका अंगाला जड झाला. खालून सरपट मारला तर कळायचं नाही. उंच मारला, की हवेत डुलायचा आणि एकाएकी खाली बसायचा. मला हे ठाऊक होतं का? होतं. दुकानामागं मी एकदा उडवून बघितलाता.

फायनलच्या सकाळी विष्णूनं बॉल हातात घेतला, दोनदा फिरवला. म्हणाला, "दाजी, एका बाजूला वजन लागतंय का ह्यात?" मी म्हणालो, "नवं ब्लॅडर हाय. बसायचंय अजून." त्यानं माझ्याकडं बघितलं. जास्त नाही, घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ. आणि बॉल मैदानात घेऊन गेला.

त्याला कळलंतं का? तेव्हाच? हे मी अडतीस वर्षं स्वतःला विचारतोय आणि उत्तर यायच्या आत उठून कामाला लागतोय.

शेवटची दहा मिनिटं राहिलेली, दोघांचे शून्य-शून्य. रहीमभाईनं लांबून उंच मारला. विष्णू बरोबर बॉलखाली आला, झेलायला हात धरून उभा. रोज घ्यायचा तसा साधा बॉल. आणि तो हवेत डुलला, त्याच्या मनगटावरून गेला, जाळ्यात. हरलो.

संध्याकाळी हॉटेलात सगळी गॅरेज लाईन. विष्णू तिथं नव्हता, घरी बहिणीजवळ बसला होता. आधी खेळावर भांडण झालं, मग पैशावर आलं. वर्गणी गेली कुठं? बूट कुठंयत? कोणीतरी म्हणालं, बॉलच वाकडा उडत होता. मिस्त्री माझ्याकडं वळले. "ब्लॅडर नवं आणलंतं ना रे तू? सोड दोरी, दाखव."

बॉल माझ्या मांडीवर होता. सगळे माझ्याकडं बघत होते. आणि मी म्हणालो — हेच ते, हेच कोणाला सांगितलं नाही — मी म्हणालो, "ब्लॅडरचं काय घेऊन बसलात? काल म्या विष्णूला रहीमच्या गाड्यापाशी बघितलं. पिशवी घेऊन चाललाता."

मिस्त्री म्हणाले, "पिशवीत काय व्हतं?"

"मला काय म्हाईत."

चार शब्दसुद्धा नाहीत. पैसे होते असं मी म्हणालो नाही. ते त्यांचं त्यांनीच भरलं पिशवीत.

मला माहीत होतं ना! कौसा आठ दिवस तापानं पडली होती, अन्न जात नव्हतं. विष्णू मोसंब्या आणायला गेलता. रहीमभाईनं पैसे घेतले नाहीत, पण ते उद्या मॅच हाय म्हणून नाही, आजारी बहिणीचं नाव ऐकून. "बहेन के वास्ते ले जा बे, कल मैदान में देखतौं तेरेकू," असं म्हणाला. विष्णूनं घरी येऊन त्याची नक्कल करून दाखवली, आम्ही हसलो. त्या मोसंब्यांचा रस माझ्या हातानं काढला मी. वाटीनं पाजला तिला. उरलेल्या दोन मी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी त्याला कामावरून काढलं. पोरांनी त्याची जर्सी हॉटेलापुढं जाळली. रहीमभाईनं मशिदीपुढं उभं राहून कसम खाल्ली, की एक पैसा दिला नाही. कोण ऐकतंय? जिंकलेला तो. विष्णू कोणाशी भांडला नाही. माझ्या घरातून वळकटी उचलली आणि गेला. पुढं ऊसतोडीला लागला, फुटबॉलला पाय लावला नाही म्हणतात. जाताना त्यानं माझं नाव घेतलं असतं तर? बॉलचं बोलला असता तर? नाही बोलला. कावून नाही बोलला? बहिणीचा संसार होता म्हणून?

कौसाला मीच सांगितलं, तुझ्या भावानं पैसे घेतले. ताप उतरत होता तिचा. ती रडली नाही. मानी बाई. पुढच्या दिवाळीला तो आला, तर तिनंच दारातून सांगितलं, "माझ्या नवऱ्याची मान खाली घातलीस, येऊ नको." भाऊबीजेला ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. ही भाऊ असून चंद्राला ओवाळायची. अंगणात ताट घेऊन उभी राहायची, मी खाटेवरून बघायचो. एवढ्या दिवाळ्या! एका तरी दिवाळीला उठून सांगता आलं नसतं?

आता शेवटचं. ह्याच्यासाठीच लिहायला बसलो, आणि इथंवर येईस्तोवर तीनदा पेन खाली ठेवलं.

जायच्या आधी आठवडाभर तिला घरी आणलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. दुपारची वेळ, पोरगी औषधं आणायला गेलेली. कौसा पडल्या पडल्या छताकडं बघत म्हणाली, "आवं, ती पिशवी... जिच्यापायी विष्णूचं नाव गेलं... ती मोसंब्याची तर नव्हती ना?"

म्हणजे तिच्या मनात ते होतं. किती वर्षं होतं? कधीपासून ती ते तोंडात धरून बसली होती आणि माझ्यापायी बोलली नव्हती?

मी म्हणालो, "न्हाई. ती दुसरी."

ती "बरं" म्हणाली.

त्यानंतर चार दिवस होती ती. शुद्धीत होती. मी उशाशी होतो, तिच्याशी दुसरंतिसरं बोलत होतो. एकदा विचारलं, विष्णूला बोलावू का? तिनं मान हलवली, नको म्हणाली. आणि मला बरं वाटलं.