बंद केलेली पोस्टकार्डं

झाडांवर कैरी धरली की बाबा जुन्या गिऱ्हाइकांना पोस्टकार्डं लिहायला बसत. आंबा कधी तयार होईल आणि पेट्या किती पाठवू, एवढाच मजकूर असे. आंब्याचा धंदा माझ्याकडे आला तेव्हा पहिल्यांदा मी ती कार्डंच बंद केली. "हल्ली कार्डं कोण वाचतं, बाबा," मी म्हणाले आणि सगळी विक्री मोबाईलवरच्या एका पेजवर नेली. बागेतले व्हिडिओ टाकायचे, लाइक्स किती आले ते बाबांना मोठ्याने वाचून दाखवायचे. आता ते आठवलं की कान तापतात.

यंदा ऐन एप्रिलमध्ये ते पेज अचानक बंद झालं. दाद कुणाकडे मागायची तेही कळेना. आढीतले आंबे पिवळे पडत चालले होते. शेवटी मी बाबांकडे त्यांची पत्त्यांची वही मागितली. त्यांनी ती काढून दिली.

वहीतला नंबर पाहून पहिला फोन दादरच्या एका बाईंना लावला. हात चिकाने भरलेले होते, म्हणून स्पीकर चालू ठेवला. कुणाची मुलगी ते मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तीन वर्षं कार्ड आलं नाही गं. आम्हाला वाटलं, तुझे वडील गेले. विचारायचं तरी कसं?"

बाबा माझ्यासमोरच पेंढ्यात बसून आंबे निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"त्यांना म्हणावं," ते म्हणाले, "अजून आहे."