चुंबक, चाकण आणि माझं स्टीलचं ताट

परभणीहून निघताना या खेपेला मी परतीचं तिकीट काढलं नाही. ह्यांना जाऊन वर्ष उलटलं होतं. रिकाम्या घरात भिंतींशी बोलण्याचा कंटाळा आला होता, म्हणून आता मुलाकडे, मंदारकडे, कायमचं राहायचं असं मी ठरवूनच टाकलं होतं. फक्त त्याला सांगायचं बाकी होतं. गाडी सुटली तेव्हा रुळांच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन पाण्यात उभं होतं. नवरात्रात असा पाऊस आमच्याकडे पूर्वी पडत नसे. आता त्याला कोणी अवकाळी म्हणायचंही सोडून दिलंय.

पुण्यात गाडी बदलून चिंचवडला उतरले. मंदार घ्यायला येणार होता, पण आला तो त्याचा निरोप. ‘कंपनीत अडकलोय. रिक्षा कर. किल्ली खाली मावशींकडे.’ आईला स्टेशनावर उभं ठेवायला कंपनीच हवी, असं पुटपुटत मी रिक्षात बसले.

चिखलीत वर्कशॉपच्या पत्र्यांना लागून उंच इमारती उभ्या आहेत. मंदारच्या घरमालकीण मावशी इथल्याच जुन्या शेतकरी घरातल्या. जिथे त्यांची ज्वारी होती तिथे आता त्यांचेच भाडेकरू राहतात.

“आलात व्हय? या, बसा,” त्या म्हणाल्या. “पोरगं तर तुमचं दिसतच न्हाई. आमी मालक असून त्येचं त्वांड बघायला मिळत न्हाई.”

“आज तरी येईल ना?”

“आता त्येचं काय सांगावं?”

त्यांनी मासवडी (बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण; मासा नावालासुद्धा नाही) आणि झणझणीत रस्सा वर पाठवला. मंदारच्या खोलीत एक ताटली, एक पेला, एक खुर्ची. मी खुर्चीत बसून एकटीच जेवले. आपला मुलगा रोज असाच जेवत असेल, असं मनात आलं आणि उरलेली मासवडी त्याच्यासाठी झाकून ठेवली. तो केव्हा आला आणि केव्हा गेला मला कळलंही नाही. सकाळी मावशी म्हणाल्या, “तुमास्नी कंपनीत बोलावलंय. खंडेनवमी हाय न्हवं.”

खंडेनवमीला इकडे यंत्रांची पूजा होते आणि त्या दिवशी घरच्यांना कारखान्यात सोडतात. ओवाळायला म्हणून मी घरून ताट आणलं होतं. लग्नात मिळालेलं, काठावर ह्यांचं आणि माझं नाव कोरलेलं स्टीलचं ताट. ते पदराखाली धरून मी मोशीवरून चाकणला जाणाऱ्या बसमध्ये बसले. शेजारी बीडकडचा एक कामगार होता.

“काकू, कोणत्या कंपनीत?” त्याने विचारलं. मी नाव सांगितलं. “तिथं तर काम बंदच हाये की. आमचाबी ओव्हरटाइम गेला. तिकडं कुण्या देशानं जकात वाढविली अन् इकडं आमची रात्रपाळी गेली.” बाहेर कंटेनरची न संपणारी रांग लागली होती.

कारखान्यात शिरले तर देवळात असावी तशी शांतता. झेंडू शेतातच सडला म्हणून यंत्रांना प्लॅस्टिकच्या माळा घातल्या होत्या. मंदार धावत आला. वाळला होता.

“सगळं बंद का रे?”

“आई, हवा बिघडली म्हणून जगाला विजेच्या गाड्या हव्यात. त्यांच्या मोटरला चुंबक लागतं. ते जवळजवळ एकाच देशाकडून येतं, आणि त्याचं दुसऱ्या मोठ्या देशाशी वाजलंय. त्याने हात आखडला, आम्ही थांबलो. चुंबक मिळवायला दिवसरात्र फोनाफोनी चाललीय.”

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, असं मी नागरिकशास्त्राच्या तासाला वर्षानुवर्षं शिकवलं. इथे तिसरा हात बांधून उभा होता.

बंद यंत्राची पूजा करायची नाही, ही त्यांची रीत. पूजा झाली की लाइन चालवून एक तरी मोटर बाहेर काढायची. त्यासाठी त्यांनी चुंबकं बसवलेला शेवटचा रोटर (मोटरचा फिरणारा भाग) महिनाभर जपून ठेवला होता. तो पाटावर मांडला होता. सगळ्यांत वडीलधारी म्हणून मला पुढे केलं. मी ताट घेऊन वाकले, आणि कुणीतरी “काकू, स्टील नको!” म्हणेपर्यंत चुंबकाने ताट माझ्या हातून हिसकावलं. खाडकन आवाज झाला. निरांजन विझलं, कुंकू सगळीकडे उडालं.

इथे पूजेला पितळेचंच ताट आणतात. हे सगळ्यांना इतकं ठाऊक होतं की मला सांगायचं कुणाला सुचलंच नाही. मंदारने लाकडी पाचर घालून ताट सोडवलं. चुंबकाचा टवका उडाला होता; त्या रोटरची मोटर आता होणार नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“असू द्या काकू,” सुपरवायझर म्हणाला आणि त्याने बटण दाबलं. लाइनचा रिकामा पट्टा फिरत राहिला. सगळे हात जोडून त्याच्याकडे बघत होते.

परत येताना बसमध्ये मंदारने सांगितलं. त्या चुंबकवाल्या देशाशी आपलं पुन्हा थोडं जमू लागलंय, पण सुटं चुंबक तो अजून बाहेर सोडत नाही. म्हणून कंपनी आता मोटरी तिथेच जोडून घेणार आहे आणि देखरेखीला त्याला पाठवतेय. दसरा झाला की लगेच. किती दिवस, ते कुणालाच माहीत नाही. मी कायमची राहायला आलेय, हे सांगायचं मी तसंच ठेवलं.

दसऱ्याला सकाळी त्याने सहज विचारलं, “तुझं परतीचं तिकीट कधीचं आहे? सोडायला येतो.”

“काढते आता.”

बॅग भरता भरता तो वळला. “काढलंच नव्हतंस?”

मी ताटातलं कुंकू पुसत राहिले. त्याला कळलं.

“मी नाही म्हणून सांगू का आई?”

सांग, असं म्हणावंसं फार वाटलं. पण तो फिरणारा रिकामा पट्टा डोळ्यांपुढून हलत नव्हता. “जा,” मी म्हटलं. “लोकांशी गोड बोल.”

स्टेशनावर त्याने खोलीची किल्ली माझ्या मुठीत ठेवली. “ही मावशींकडे नको. मी आलो की दार तू उघडायचंस.”

आता मी परभणीत आहे. ताटाला पोचा आलाय, तो नेमका आमच्या नावांवर, पण जेवते त्यातच. पेपर आला की पहिल्यांदा परदेशाच्या बातम्यांचं पान उघडते. शाळेत देशादेशांच्या संबंधांचा धडा मी परीक्षेपुरता उरकायचे. आता मोठ्या देशांचे पुढारी हातात हात घेऊन उभे दिसले की चष्मा पुसून त्यांचे चेहरे नीट बघते. खरंच हसत असतील, तर चुंबक इकडे येईल आणि किल्ली लवकर लागेल.